डाव्या हाताचा मुजरा: रियासतकारांचे वाचक आणि आपले वाचक

गेल्या पावसाळ्यात मंडळाच्या मासिक बैठकीत एका तरुण सभासदानं दमाजीराव गायकवाडांच्या १७५१ सालच्या कैदेवर निबंध वाचला. मुलगा मेहनती आहे. तारखा नीट होत्या, पेशवे दफ्तरातले दाखले खंड-पानासकट होते. शेवटाकडे एक वाक्य आलं: सुटकेनंतर दमाजीरावांनी पेशव्यांना जन्मभर डाव्या हातानंच मुजरा केला. चर्चेच्या वेळी मी विचारलं, "ह्याला आधार काय?" त्यानं टाचणं चाळली आणि जरा अवघडून म्हणाला, "काका, तुमचंच पत्रक आहे. मांडवीच्या फेरीचं."

सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन मात्र जुन्या फायलीतून ते पत्रक काढलं. बारा वर्षांपूर्वी मांडवीपासून चांपानेर दरवाजापर्यंतच्या फेरफटक्यासाठी, शाळेतली मुलं आणि बाहेरगावचे पाहुणे डोळ्यासमोर ठेवून, एका कागदाच्या दोन्ही बाजूंवर मी ते लिहिलं होतं. वाक्य शब्दशः माझंच होतं. त्याच फायलीत पत्रकाचा कच्चा खर्डाही होता. त्यात वाक्याच्या शेवटी 'असं म्हणतात' होतं आणि मी स्वतःच्या हातानं त्यावर काट मारलेली होती. जागा कमी होती, आणि मुलांना गोष्ट ठाशीव सांगावी असं वाटलं होतं.

ह्या निबंधाचा विषय ती काट आहे. जाणकारांसाठी लिहिणं आणि सर्वांसाठी लिहिणं ह्यांत फरक करावाच लागतो. पण तो करताना आपण नेमकं काय गाळतो? ह्याची तपासणी मला माझ्या पत्रकापाशी न थांबता जरा मोठ्या माणसाच्या लेखनावर करून पाहायची आहे. तो माणूस आपल्याच गावात छत्तीस वर्षं नोकरीला होता: रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई.

आधी प्रसंग थोडक्यात सांगतो, कारण सगळ्यांना तो माहीत असेल असं धरून चालणं हीसुद्धा आपल्या मंडळाची एक खोडच आहे. शाहू महाराज डिसेंबर १७४९ मध्ये वारले. पुढच्या वर्षी ताराबाईंनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यात अडकवून पेशव्यांविरुद्ध डाव मांडला. त्यांच्या बाजूनं दमाजीराव गुजरातेतून फौज घेऊन साताऱ्याकडे गेले. नानासाहेब पेशवे तेव्हा निजामाच्या मुलखाकडे गुंतले होते, ते घाईनं परतले. १७५१ च्या उन्हाळ्यात दमाजीराव कोंडीत सापडून कैद झाले, पुण्यात आणि पुढे लोहगडावर राहिले. गुजरातचा निम्मा मुलूख पेशव्यांना देण्याच्या कबुलीवर त्यांची सुटका झाली. १७५३ साली तेच दमाजीराव राघोबादादांबरोबर अहमदाबादच्या मोहिमेत होते, आणि १७६१ साली पानिपतावरही.

बडोद्यात ही हकीगत सांगताना दोन गोष्टी हटकून येतात. एक, शपथ मोडून दगा झाला. दुसरी, डाव्या हाताचा मुजरा. पहिलीवर कागद ताडून वाद घालता येतो. दुसरी आपण आजी-आजोबांकडून ऐकलेली आणि जुन्या इंग्रजी इतिहासग्रंथांतून उचललेली. ती सांगू नये असं मी म्हणत नाही. अर्धा मुलूख गेल्याचं दुःख ह्या गावानं कसं जपलं, हे त्या गोष्टीतून जितकं कळतं तितकं तहनाम्याच्या कलमांतून कळत नाही. पण ती कोणत्या जातीची माहिती आहे, हे सांगणारा शब्दच मी काढून टाकला होता. 'म्हणतात' ह्या चार अक्षरांनी पत्रकात अशी किती जागा अडली असती?

आता रियासतकार. १८८९ साली ते सयाजीराव महाराजांच्या सेवेत आले, महाराजांना वाचून दाखवणं हे सुरुवातीचं काम. पुढे राजपुत्रांच्या शिक्षणाची जबाबदारी आली. महाराजांच्या सांगण्यावरून त्यांनी मॅकियाव्हेलीच्या आणि सीलीच्या ग्रंथांची मराठी भाषांतरंही केली. म्हणजे लेखणी हातात धरली तेव्हापासून त्यांच्यापुढे ठरावीक वाचक होता: राज्य चालवणारा एक माणूस आणि पुढे राज्य चालवतील अशी मुलं. मुलांना हिंदुस्थानचा इतिहास शिकवायला मराठीत धड पुस्तक नव्हतं, म्हणून टाचणं काढायला घेतली आणि त्या टाचणांतून रियासतींचा पसारा उभा राहिला. 'मुसलमानी रियासत' १८९८ साली निघाली, 'मराठी रियासती'चा पहिला भाग १९०२ साली.

१८९८ हे साल ध्यानात ठेवण्यासारखं आहे. त्याच साली विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड निघाला. त्यातली पत्रं १७५० ते १७६१ ह्या वर्षांची, म्हणजे आपल्या दमाजीरावांच्याच काळातली. राजवाड्यांचं म्हणणं ठाम होतं: आधी अस्सल कागद छापा, मग इतिहास लिहा. सरदेसायांची अडचण वेगळी होती. त्यांच्यापुढे मुलं बसलेली होती, आणि सगळे कागद छापून होईपर्यंत ती थांबणार नव्हती.

ह्या दोघांची तुलना करताना आपण एक सोपी वाटणी करून टाकतो: राजवाडे जाणकारांसाठी, सरदेसाई सामान्यांसाठी. मला ही वाटणी पटत नाही. राजवाड्यांचा पहिला खंड उघडून पाहा. कागद तर आहेतच, पण त्याला जोडलेली प्रस्तावना लांबलचक आहे, वाद घालणारी आहे, चिडणारी आहे, आणि ती मराठी वाचणाऱ्या कोणालाही उद्देशून आहे. हे कागद का महत्त्वाचे, हे सांगितल्याशिवाय त्यांनाही राहवलं नाही. आजही आपल्यापैकी किती जणांनी त्यातली पत्रं ओळीनं वाचली आहेत आणि किती जणांनी नुसती प्रस्तावना वाचली आहे, हे मंडळात हात वर करून विचारावं. उत्तर मला माहीत आहे, कारण बरीच वर्षं मी दुसऱ्या गटातच होतो.

उलट 'मराठी रियासत' घ्या. लेखक मुलांचा शिक्षक, पुस्तक सर्वांसाठी. तरी त्यात कथनाच्या मधोमध अस्सल पत्रांतले उतारे येतात, घराण्यांच्या वंशावळी येतात, आधार कुठला हे येतं. नवे कागद उजेडात आले की पुढच्या आवृत्तीत मजकूर बदलायला त्यांनी कमीपणा मानला नाही. सामान्य वाचकाला उतारा झेपणार नाही असं त्यांनी गृहीत धरलं नाही. एखादं पत्र पुरतं कळलं नाही तरी वाचक त्याच्या शेजारून पुढे जाऊ शकतो आणि पुन्हा कधीतरी मागे येऊ शकतो. मला रियासतीतलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. आमच्या लहानपणी रावपुऱ्यातल्या आणि दांडिया बझारातल्या घरांत काचेच्या कपाटात हे खंड असत. ते वाचणारे कोणी इतिहासाचे पदवीधर नव्हते. कारकून होते, शिक्षक होते, दुपारची कामं आटोपून बसणाऱ्या आज्या होत्या.

रियासतीचे दोषही त्याच रचनेतून येतात आणि ते झाकायचं कारण नाही. नावांची गर्दी होते. एका मोहिमेत दहा सरदार येतात आणि त्यांतला महत्त्वाचा कोण, हे वाचकानंच ओळखायचं असतं. पुष्कळ ठिकाणी सरदेसाई माहितीच्या ढिगापुढे वाचकाला उभं करतात आणि आपण बाजूला होतात. जाणकाराला हे चालतं, कारण त्याला काय शोधायचं ते ठाऊक असतं. नवख्याला मात्र 'हे सगळं खरं, पण म्हणून काय?' असा प्रश्न पडतो आणि उत्तर द्यायला लेखक जवळ नसतो. राजवाडे तिथे सापडतात. त्यांचं मत पटो न पटो, त्यांना काय म्हणायचं आहे ह्याबद्दल संशय राहत नाही.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर सरदेसायांच्या हाती पेशवे दफ्तराचं काम आलं. १९३० ते १९३४ ह्या काळात त्यांनी निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस भाग निघाले. पहिलाच भाग १७६० च्या उदगीरच्या लढाईवर आहे. इथे वाचक बदलला, आणि त्याबरोबर पुस्तकाची ठेवणही बदलली. मोडीतले कागद बाळबोधीत छापले, आणि माथ्यावर इंग्रजीत तारीख व दोन-चार ओळींचा सारांश दिला. मराठी न येणाऱ्या, किंवा अडखळत येणाऱ्या अभ्यासकाला हजारो कागदांतून आपल्या कामाचा कागद हुडकता यावा म्हणून ती सोय. ह्या निवडीवर पुण्याच्या संशोधकांनी टीका केली होती, आणि एक तक्रार मलाही रास्त वाटते: भाग विषयवार पाडल्यामुळे एकाच वर्षाचे, एकमेकांना उत्तर देणारे कागद वेगवेगळ्या भागांत विखुरले. दमाजीरावांच्या कैदेचा माग काढताना आमच्या तरुण सभासदाला चार-पाच भाग समोर पसरून बसावं लागलं ते त्यामुळेच. जाणकारासाठी म्हणून केलेली सोय जाणकाराच्याच वाटेत येऊ शकते, हे इथे दिसतं. विषय संपादकानं ठरवले. अभ्यासकाचा विषय त्याच रेषेवर चालेल असं नसतं.

आणि मग १९४६ ते १९४८ मध्ये इंग्रजीतला तीन खंडांचा 'मराठ्यांचा नवा इतिहास'. वाचक पुन्हा निराळा: महाराष्ट्राबाहेरचा, चौथ आणि सरदेशमुखी म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागणारा. प्रकरणाच्या आरंभी तारखांची यादी आहे, वाक्यं आटोपशीर आहेत, प्रकरणं हाताबाहेर जात नाहीत. रियासतीत जे सापडत नाही ते इथे सापडतं: लेखकाचा निवाडा. कोण चुकलं, कशामुळे चुकलं, हे सरदेसाई इथे सरळ सांगतात. ऐंशीच्या उंबरठ्यावर पोचलेल्या माणसानं आयुष्यभराचा पसारा आवरून ठेवावा तसं हे पुस्तक वाटतं.

पण दोन्ही शेजारी ठेवून वाचताना मला एक हळहळ वाटते. पत्रांचा आवाज इंग्रजीत हरवला आहे. रियासतीत उताऱ्यातलं पत्र स्वतः बोलतं: त्यात घाई असते, लपवाछपवी असते, वडीलधाऱ्याला उद्देशून लिहिताना घेतलेला आडपडदा असतो. इंग्रजीत त्याचा मथितार्थ उरतो, आणि मथितार्थ नेहमी मूळ पत्रापेक्षा जास्त ठाम असतो. मराठी वाचकाला सरदेसायांनी पुरावा भरपूर दिला आणि निवाडा हात राखून दिला. इंग्रजी वाचकाला निवाडा दिला आणि पुरावा हात राखून दिला. कोणत्या वाचकाचा मान जास्त ठेवला? मला वाटतं पहिल्याचा, जरी त्याला जास्त कष्ट पडले तरी.

इथे कोणी म्हणेल, हे सगळं मराठी येणाऱ्यांपुरतं झालं. हैदराबादचे सेतुमाधवराव पगडी ह्यांचं उदाहरण त्यासाठी आठवावं. त्यांनी फारसी साधनं मराठीत आणली. ती कोणासाठी? सामान्य वाचकासाठी तर खरंच, पण मोडी उत्तम वाचणाऱ्या आणि फारसीचं अक्षरही न येणाऱ्या संशोधकासाठीही. मोडीचा जाणकार फारसी कागदापुढे नवखाच असतो, आणि नाण्यांचा अभ्यासक तहनाम्यापुढे. जाणकार आणि सामान्य अशी माणसांची दोन गावं नाहीत. एकच माणूस दिवसातून चारदा ह्या गावातून त्या गावात जातो.

शिवाय ही गावं स्वतःच जागा बदलतात. १९०२ सालचा 'सामान्य' मराठी वाचक म्हणजे ज्याला वरात, मामलत, सनद, कमाविसदार हे शब्द समजावून सांगावे लागत नव्हते असा माणूस. गायकवाडी राज्यात तर हे शब्द कचेरीत रोज कानावर पडत. आज बडोद्यातल्या मराठी घरांतली नातवंडं घरी मराठी बोलतात, बाहेर गुजराती, शाळेत इंग्रजी, आणि देवनागरी मजकूर सावकाश वाचतात. त्यांच्यासाठी सर्वांकरता लिहिलेली रियासत हा जाणकारांचा ग्रंथ झाला आहे. गंमत अशी की पेशवे दफ्तरातले ते इंग्रजी सारांश, जे परप्रांतीय अभ्यासकासाठी लिहिले होते, तेच आज आमच्या तरुण सभासदाला आपल्या पणजोबांच्या भाषेपर्यंत पोचवणारी पायरी ठरले. तो मला म्हणाला, "मी आधी इंग्रजी वाचतो, मग खालचं मराठी तीनदा वाचतो, मग कळतं." त्याला मी हसलो नाही. तीनदा वाचतो हे महत्त्वाचं.

आपल्या संस्थानानं हा प्रश्न ओळखला होता. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९१६ पासून 'गायकवाड ओरिएंटल सीरीज' निघू लागली. तिचा पहिला ग्रंथ राजशेखराची 'काव्यमीमांसा', संस्कृत पंडितांसाठी. त्याच राज्यात गुजराती-मराठी वाचकांसाठी 'श्री सयाजी साहित्यमाला' होती आणि लहानांसाठी 'सयाजी बालज्ञानमाला'. सक्तीचं शिक्षण १९०६ साली साऱ्या राज्यात लागू झालेलं, गावोगावी फिरत्या वाचनालयांच्या पेट्या जात असलेल्या, म्हणजे वाचक तयार करणं आणि वाचकाजोगतं पुस्तक तयार करणं ही कामं बरोबरीनं चालली होती. ह्याचं कौतुक करावं तितकं थोडं. तरी एक शंका नोंदवतो. कप्पे वेगळे केले की प्रत्येक कप्प्याचं काम नीट होतं, पण एका कप्प्यातून दुसऱ्यात जायची वाट कोणी बांधायची? लहानांचं पुस्तक वाचून ज्याची भूक वाढली, त्याला पुढे कुठे जायचं हे त्या लहान पुस्तकानंच सांगायला हवं. रियासतीच्या उताऱ्यांनी आणि आधारांनी ते केलं. माझ्या पत्रकानं केलं नाही.

आता आपल्या मंडळाच्या निबंधांबद्दल थोडं कडू. आपण पत्रकं लिहिताना शंका गाळतो आणि निबंध लिहिताना उलटं करतो. 'सदर कागद', 'उपरोक्त सनद', 'प्रस्तुत लेखकाच्या मते' अशी भिंत रचत जातो, तळटिपांवर तळटिपा चढवतो, आणि शेवटपर्यंत सांगत नाही की ह्या सनदेमुळे कोणाचं काय बदललं. मागच्या वर्षी मी स्वतः एका इनामपत्रावर बारा पानं लिहिली. शिक्के, कागदाची जात, अक्षराचं वळण, सगळं त्यात आलं. ज्या घरातून कागद मिळाला त्या घरच्या काकूंना छापील प्रत दिली. त्यांनी दोन दिवसांनी फोन करून विचारलं, "भाऊ, मग ती जमीन आमच्या पणजींना कशासाठी दिली होती?" उत्तर माझ्याकडे होतं. बारा पानांत ते कुठेच लिहिलं नव्हतं.

तेव्हा मला जे उमगलं ते इतकंच. सर्वांसाठी लिहिताना शब्द सोपे करावेत, नावं कमी करावीत, तळटीप काढावी, क्रम बदलावा. ह्याला कोणाची हरकत नसावी. पण आपल्याला ते कुठून कळलं आणि किती पक्कं कळलं, हे काढू नये. ते सांगायला तळटीप लागत नाही. 'पत्रात आहे', 'पुढे कोणी लिहिलं', 'लोक सांगतात' हे तीन शब्दप्रयोग दहा वर्षांच्या मुलालाही समजतात. किंबहुना मुलांना ते फार लवकर समजतात, कारण कोणी सांगितलं आणि कोणी स्वतः पाहिलं ह्यावर त्यांची रोजची भांडणं चालतात. आणि जाणकारांसाठी लिहिताना पुरावा कितीही बारीक द्यावा, पण काकूंच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या पानावर असावं. जाणकारालाही ते हवंच असतं. तो फक्त विचारायला लाजतो.

पत्रक मी पुन्हा लिहिलं आहे. त्या जागी आता असं आहे: "दमाजीराव कैदेतून सुटले, पण निम्मा गुजरात पेशव्यांना द्यावा लागला. हे त्या काळच्या कागदांत आहे. त्यानंतर ते पेशव्यांना डाव्या हातानंच मुजरा करत, अशी गोष्ट बडोद्यात सांगतात. ती पत्रांत मिळते का, हे तुम्हीही शोधू शकता: पेशवे दफ्तराचे छापील भाग पाहा." दोन ओळी वाढल्या. त्यासाठी मांडवीच्या चित्राचा आकार लहान करावा लागला.

पहिल्या फेरीला आलेल्या मुलांपैकी एकीनं वाचून झाल्यावर विचारलं, "म्हणजे ही गोष्ट खोटी आहे का?" मी म्हटलं, "खोटी आहे असंही कुठे लिहिलंय?" तिनं पुन्हा वाचलं. मग मैत्रिणीला गुजरातीत समजावून सांगू लागली. आमचा तरुण सभासद शेजारीच उभा होता. त्याच्या निबंधात ते वाक्य आता आहे, शेवटी 'असं म्हणतात' जोडून. तळटीप मात्र माझ्या पत्रकाची नाही, आणि मला त्याचं बरं वाटलं.